"गिअरबॉक्स गेला" असं कुणी सांगितलं तर थांबा, आधी हे बघा

गौरी-गणपती आटपून दादा सहकुटुंब देवगडहून कोल्हापूरला निघाला होता. गाडी सात सीटर ऑटोमॅटिक, आत सात माणसं, मागे नारळ, तांदूळ आणि बॅगा. फोंडा घाटाच्या सुरुवातीच्या वळणांवरच एक जोराचा हिसका बसला, मीटरवर पिवळा दिवा लागला आणि त्यानंतर गाडी गिअरच बदलेना, एकाच गिअरमध्ये कण्हत चालली. कशीबशी वळवून ती कणकवलीला आणली. पहिल्याच गॅरेजमध्ये दहा मिनिटांत निकाल लागला, "गिअरबॉक्स गेला, उतरवायला लागेल, लाख-सव्वा लाख धरून चाला." गाडीला पाच वर्षंही झाली नव्हती, वहिनीचा चेहरा बघवत नव्हता.

शेवटी गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. नेमकं काय निघालं ते खाली सांगतो. पण हे "गिअरबॉक्स गेला" वाक्य मी आता इतक्या घरांतून ऐकलंय की लिहायलाच बसलो. गावोगाव ऑटोमॅटिक गाड्या आल्या, पण बिघडल्यावर काय बघायचं हे कुणी सांगत नाही, आणि "गेला" हे काही निदान नव्हे. डॉक्टर "पोट गेलं" म्हणाला तर आपण ऑपरेशनला तयार होऊ का?

आधी जात ओळखा, चारही ऑटोमॅटिक वेगळ्या

आपण सगळ्यांना ऑटोमॅटिक म्हणतो पण आतली मशिनरी चार प्रकारची असते, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिली एएमटी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत आणली आणि मग छोट्या गाड्यांमध्ये पसरली. यात गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच असतो, क्लचसुद्धा तोच, फक्त तो दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी एक मोटर-पंपाचं यंत्र करतं. म्हणजे गाडीत एक अदृश्य ड्रायव्हर बसवलाय. त्यामुळे गिअर बदलताना थोडी मान हलणार, ती त्याची सवय आहे, आजार नाही. काही एएमटी गाड्यांमध्ये ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखाली दोन-तीन सेकंद घर्रर्र आवाज येतो, लोक घाबरतात, पण तो पंप प्रेशर भरून ठेवत असतो.

दुसरी सीव्हीटी. ही तुम्ही रोज चालवता, कारण अॅक्टिव्हामध्ये तेच तत्त्व आहे. दोन पुली, त्यांच्यावर एक पट्टा, आणि पुल्यांची रुंदी कमीजास्त होत वेग बदलतो, गिअर असे नाहीतच. स्कूटरचा पट्टा रबराचा, गाडीचा पोलादी कड्यांचा आणि तेलात बुडालेला. त्यामुळे पाय जोरात दिला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून वेग घेते, हा तिचा स्वभाव.

तिसरी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुनी, पारंपरिक ऑटोमॅटिक. दादाची गाडी ही. रवीने ताक घुसळताना भांडं पायात धरावं लागतं ना, नाहीतर ताकाबरोबर भांडंही फिरायला बघतं? रवी भांड्याला चिकटलेली नसते, मधलं ताकच भांड्याला ओढतं. इथेही तसंच, इंजिन एका बाजूने तेल घुसळतं आणि ते तेल दुसऱ्या बाजूचं चाक फिरवतं. म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये असूनही इंजिन बंद पडत नाही. वेग स्थिर झाला की आत एक क्लच दोन्ही बाजू घट्ट धरतो, म्हणजे मधली घसर संपते आणि पेट्रोल वाचतं.

चौथी डीसीटी, दोन क्लचवाली. स्लॅब घालताना एकाच्या हातातलं घमेलं सुटतं तोवर पुढच्याने दुसरं धरलेलं असतं, तसं एक क्लच तिसऱ्या गिअरवर असताना दुसरा चौथा तयार ठेवतो. फार झटपट. पण काही डीसीटीत हे क्लच कोरडे असतात, थंड करायला तेल नाही, आणि सणाच्या दिवसांत माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तासभर मुंगीच्या वेगाने सरकलं की ते तापतात. मग गाडी स्वतःच सांगते, थांबवा, थंड होऊ दे. तेव्हा खरंच थांबवायची, पी म्हणजे पार्किंगमध्ये टाकून पंधरा-वीस मिनिटं.

तुमची कुठली ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं. गॅरेजला फोन करताना पहिलं वाक्य हेच असायला हवं.

लक्षण नीट सांगितलं की अर्धं काम झालं

"गाडी झटका मारते" एवढ्यावरून कुणालाच काही कळणार नाही. झटका थंड असताना की गरम झाल्यावर, कुठल्या गिअरला, चढावर की सपाटीवर, हलका पाय असताना की दाबल्यावर, आणि तेव्हा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा काय करत होता? शेजारी बसलेल्याला मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा, मेकॅनिकसाठी तो सोनं आहे.

टॉर्क कन्व्हर्टर गाडीत ब्रेक दाबून पी वरून आर (रिव्हर्स) किंवा डी (ड्राइव्ह) टाकल्यावर एक-दोन सेकंदात गाडी हलका धक्का देऊन पकड घेते. तीन-चार सेकंद काहीच नाही आणि मग धाडकन पकड, म्हणजे आत तेलाचं प्रेशर उशिरा बनतंय, आणि त्याचं सगळ्यात साधं कारण तेल कमी असणं. काटा वर पळतो पण गाडी वेग घेत नाही, याला घसरणं म्हणतात, हे गंभीर, गाडी तशीच दामटवू नका. साठ-सत्तरच्या वेगाला हलक्या पायावर गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक बारीक पट्टे आहेत असं वाटतं, पाय जरा दाबला की थांबते. हा बहुतेक वेळा तो वेग स्थिर झाल्यावर धरणारा क्लच असतो, आणि थरथर नवीन असताना तेल बदलूनही पुष्कळदा जाते.

आणि आपल्याकडची एक खास तक्रार. कोकणातली अंगणं उताराची. गाडी लावली, पी टाकलं, पाय काढला, आणि सकाळी पी वरून काढताना "टाक" असा मोठा आवाज, हाताला जोर लागतो. लोक थेट गॅरेजला. पी मध्ये आत फक्त एक पोलादी कडी दात्यात अडकते, गोठ्याच्या आगळीसारखी. तुम्ही उतारावर सगळ्या गाडीचा भार रात्रभर त्या कडीवर टाकलात. ब्रेक दाबून आधी एन म्हणजे न्यूट्रल, मग हँडब्रेक ओढायचा, मग ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून पी. आवाज बंद.

गिअरबॉक्सच्या बाहेर बघा, चोर पुष्कळदा तिथेच असतो

आता दादाच्या गाडीचं. पहिल्या गॅरेजमधून गाडी काढून आम्ही ओळखीच्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे नेली. त्याने ऐकून घेतलं, गिअरबॉक्सकडे बघितलंही नाही, म्हणाला, "पयली बॅटरी बघूया, मगे काय ता."

हे डोक्यात ठेवण्यासारखं आहे. आजच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर कधी बदलायचा ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो, आणि तेलाची वाट उघडायला-मिटायला विजेवर चालणारे छोटे नळ असतात, त्यांना सोलेनॉइड म्हणतात. वीज कमी पडली तर कॉम्प्युटर गोंधळतो आणि नळ अर्धवट उघडतात. गाडी बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या मध्ये. मुंबईकरांची गाडी जी गावच्या घरी पावसाळाभर झाकून उभी असते, तिच्या अर्ध्या तक्रारी इथेच संपतात, एएमटीच्या तर विशेष करून.

दादाची बॅटरी ठीक होती. मग वायरमनने स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, कोड आला पी०७२०, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. गाडी लिफ्टवर घेतली, सेन्सरचा प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, अगदी कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट ठेवलं की जसं कळकतं तसं. प्लगचं रबरी सील एका बाजूला चेपलेलं, आधी कधीतरी कुणीतरी घाईत बसवलेलं, आणि दादाचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस त्या फटीतून आत जात राहिला. घाटात गाडी हादरली, उरलासुरला संपर्क तुटला, कॉम्प्युटरला वेग दिसेना, आणि त्याने स्वतःला वाचवायला गाडी एकाच गिअरमध्ये अडकवली. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत घरी जा असा अर्थ. म्हणजे गिअरबॉक्स मेला नव्हता, उलट त्याने शहाणपणा केला होता. पिना साफ केल्या, नवीन सील, वर कनेक्टरसाठीचं ग्रीस, कोड पुसला, आणि गाडी सगळे गिअर टाकत हायवेला लागली. खर्च हजाराच्या आत.

अशाच बाहेरच्या आणखी गोष्टी. उंदरांनी कुरतडलेली वायर, भाताचं घर शेजारी असेल तर हमखास. इंजिनाचं तुटलेलं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं त्या, याने डी-आर करताना धक्का बसतो आणि शिव्या गिअरबॉक्सला. एखादा स्पार्क प्लग मिस होत असेल तरी चढावर तशीच थरथर येते. चाकाचा बेअरिंग गुणगुणतो तो गिअरचा आवाज वाटतो. ब्रेक दाबूनही गाडी पी मधून निघतच नसेल तर मागचा ब्रेक लाइट लागतो का बघा, कारण तोच स्विच लिव्हरचं कुलूप उघडतो.

तेल बोलतं, कोकणी माणसाला ते लगेच कळेल

ऑटोमॅटिकचं तेल फक्त वंगण नसतं, तेच जोर पुढे नेतं, तेच क्लच दाबतं, तेच थंड करतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलाला एटीएफ म्हणतात आणि नवीन असताना ते बहुतेक लाल असतं, कोकम सरबतासारखं पारदर्शक. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. लालसर-तपकिरी झालंय म्हणजे वय झालंय. कोऱ्या चहासारखं काळं आणि जळका वास, म्हणजे आतले क्लच जळतायत. आणि दिसायला चक्क सोलकढी, गुलाबी आणि दुधट, म्हणजे पाणी शिरलंय. हे पाणी पुराचं असू शकतं, किंवा काही गाड्यांत रेडिएटरच्या आतच तेल थंड करायची नळी असते ती फुटून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळलेला असतो. सोलकढी दिसली की गाडी चालवायची नाही, कारण क्लचच्या चकत्यांवरचा थर पाण्याने सुटतो.

पूर्वी तेल बघायला कांडी असायची, आता बऱ्याच गाड्यांत नसते. गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, ठराविक तापमानाला एक बोल्ट उघडून पातळी बघावी लागते. "वरून बघितलं, तेल बरोबर आहे" असं कुणी म्हणालं तर कसं बघितलं ते विचारा. सीव्हीटीचं तेल वेगळं, त्यात एटीएफ टाकलं तर पट्टा पुलीवर घसरतो आणि लाखाचं नुकसान होतं. डब्यावर सगळ्यांना चालेल असं लिहिलंय म्हणून ते भरू नका, पुस्तकातला नंबर जुळवा.

आणि गाडीखाली थेंब दिसले की घाबरण्याआधी पुठ्ठा टाकून ठेवा रात्रभर. आपल्या दमट हवेत एसीचं पाणी भरपूर गळतं, ते रंगहीन. लाल, चिकट असेल तरच पळा.

स्कॅनरवर कोड आला म्हणजे पार्ट बदलायचा ना?

नाही. कोड म्हणजे तक्रार अर्ज, निकाल नव्हे. दादाच्या केसमध्ये कोड सेन्सरचा होता, पण सेन्सर चांगला होता, प्लग खराब होता. नवीन सेन्सर घातला असता तर त्याच कळकलेल्या पिनांना जोडला असता आणि दिवा परत लागला असता, मग कुणीतरी म्हणालं असतंच, बघा, गिअरबॉक्सच.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र हजार-दीड हजारात मिळतं, पण त्याने बरेचदा फक्त पी०७०० एवढंच दिसतं. त्याचा अर्थ एवढाच की गिअरच्या कॉम्प्युटरने आपल्याकडे काहीतरी लिहून ठेवलंय, आत जाऊन वाचा. बंद पाकिटच ते. पाकीट उघडायला त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर लागतो. पी०७०० बघून गिअरबॉक्स उतरवा म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. पी०७३० सारखा कोड मात्र सांगतो की ठरलेल्या गिअरचं गणित प्रत्यक्ष वेगाशी जुळत नाही, तो काळ्या तेलाबरोबर आला तर आत बिघाड असण्याची शक्यता खरी आहे.

कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा, सोबत नोंदलेलं तापमान आणि वेग पण. पुसला की पुरावा गेला.

"कंपनी म्हणते तेल आयुष्यभर बदलायचं नाही"

कुणाचं आयुष्य, हा प्रश्न आहे. पुस्तकात खालच्या बाजूला अवघड वापर असं एक कलम पुष्कळदा असतं, म्हणजे डोंगर, ओझं, सतत ट्रॅफिक, खूप उष्णता. आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली हे घाट करत सात माणसं आणि आंब्याच्या पेट्या नेणारी गाडी त्या कलमात बसते. त्यात दिलेलं अंतर धरा. काहीच दिलेलं नसेल तर मी साठ ते ऐंशी हजार किलोमीटरला तेल बदलतो, हे माझं मत आहे, नियम नाही.

"जुन्या गाडीचं तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" हेही ऐकलं असेल. त्यात थोडं तथ्य आहे. तेल जळून काळं झालेलं, क्लच आधीच झिजलेले, आणि मशीन लावून प्रेशरने सगळं धुऊन काढलं की आत बसलेला गाळ सुटून नळांच्या बारीक वाटांत अडकतो. म्हणून जुन्या गाडीला खालून जेवढं निघेल तेवढं काढून तेवढंच नवीन भरायचं, काही हजार किलोमीटरने परत एकदा. पण जो गिअरबॉक्स आधीच घसरत होता त्याला तेलाने मारलं नाही.

मग कोकणात ऑटोमॅटिक घ्यावीच नाही का?

घ्यावी, पण घाटातली दोन-तीन पथ्यं पाळावीत. चढावर ट्रॅफिक थांबलं तर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, एएमटी आणि कोरड्या डीसीटीत क्लच जाळायचा तो सगळ्यात सोपा मार्ग. ब्रेक धरा, लांब थांबायचं तर हँडब्रेक. उतरताना डी वर सोडून ब्रेकवर बसू नका, खालचा गिअर धरा, एल किंवा मॅन्युअल मोड असतो तो यासाठीच.

पुराचं मात्र गंभीर आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये गाड्या छतापर्यंत बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते, पाणी तिच्यावर गेलं की आत शिरतं. अशी गाडी चालू होते का बघायला चावी फिरवू नका, आधी तेल बघायचं. आणि सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना कार्पेट उचलून सीटच्या खालच्या रेल आणि कनेक्टर बघा, तिथला चिखल कुणी पुसत नाही. तेलाचा थेंब दाखवायला विकणारा तयार नसेल तर सोडून द्या.

बंदच पडली तर टोचन करून नेऊ का?

इथे घाईत केलेली चूक सगळ्यात महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, दोरी बांधली आणि एन टाकून ओढत नेलं, तर चाकं आतले भाग फिरवतात पण तेल पोचत नाही, म्हणजे सुक्या विहिरीवर पंप चालवल्यासारखं. बरा असलेला गिअरबॉक्स तिथे खरंच जातो. ढकलून स्टार्ट हा प्रकारही या गाड्यांत होत नाही. फ्लॅटबेड मागवायची, म्हणजे चारही चाकं वर घेणारी गाडी, किंवा पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढची चाकं उचलणारी. एएमटीचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असल्याने ती एन मध्ये ओढता येते, पण बंद पडताना गिअरमध्येच अडकली असेल तर तीही नाही.

विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का ते आजच बघून नंबर सेव्ह करा आणि फोनवर "ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच पाठवा" हे दोनदा सांगा. घाटात रेंज गेलेली असते, म्हणून गाडीची जात, तेलाचा नंबर आणि हा फोन नंबर एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. दादाच्या गाडीत तो कागद आता आहे, वहिनीच्या अक्षरातला.